दात किडणे आणि दात डागणे

वरोरा व आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या दातांविषयी दोन तक्रारी नित्य कानी येतात. एक, दात किडला. दुसरी, दात पिवळे अथवा तपकिरी पडले. लोक ह्या दोहोंस एकच रोग समजतात, म्हणून ह्या पाठात त्यांचा भेद पाहू.

‘किडणे’ ह्या आमच्या शब्दानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. दाताच्या भोकात अळी असते ही समजूत फार जुनी. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेतली म्हणजे किडे गळून पडतात असे सांगतात, व पाण्यात पडलेले पांढरे तंतूही दाखवितात. ते तंतू उष्णतेने फुटलेल्या बियांतील गर्भ होत, किडे नव्हेत. खरी गोष्ट अशी की, तोंडातील सूक्ष्म जंतु साखरेचे आम्ल बनवितात, आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळते. लाळ ही झीज भरून काढू पाहते. परंतु मूल घटकेघटकेस बिस्किट, गोळी, गोड चहा तोंडात घेऊ लागले, तर लाळेस अवकाश कोठून मिळणार? म्हणून साखर किती, ह्याबरोबरच ती दिवसातून किती वेळा, हेही आईबापांनी पाहावे. दुधाचे दात पडायचेच आहेत, असे म्हणून ते दुर्लक्षू नयेत. ठणक्याने जेवण व झोप गेलेले मूल शाळेत काय शिकणार?

हे दुखणे गरिबास अधिक जाचते. गोळ्यांचे दुकान दाराशी, दंतवैद्य दूर. रोज बुडेल म्हणून मजूर जात नाही, आणि जातो तेव्हा दात उपटण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे 350 कोटी लोकांस मुखरोग आहेत, व त्यांतील चारांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

आता डागांविषयी. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातही, काही विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराईड नामक क्षार अधिक आढळतो. मौज अशी की, हाच क्षार अल्प प्रमाणात दातांचे रक्षण करितो. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स नगरात 1945 साली तो मुद्दाम पाण्यात घालण्यास आरंभ झाला. परंतु दर लिटरास 1.5 मिलिग्रॅमहून अधिक असलेले पाणी बालपणी नित्य पोटात गेले, तर हिरडीखाली घडत असलेल्या दातावर कायमचे डाग उमटतात, आणि पुढे हाडेही ताठरतात. हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत. कोळसा, विटकरीची भुकटी किंवा मिश्री घासून ते जात नाहीत. कवच मात्र झिजते, आणि मिश्रीतील तंबाखू जडते ती निराळीच. अशा दातांवरून मुलीस नाकारणारे तिच्या गावच्या विहिरीचा दोष तिच्या माथी मारतात, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. ग्रामपंचायतीकडे आग्रह धरून नमुना तपासून घ्यावा, व दोष आढळल्यास निदान लहान मुलांच्या पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसऱ्या तपासलेल्या विहिरीचे पाणी आणावे. अशा गावातील सहा वर्षांखालील मुलास कोणती पेस्ट व किती द्यावी, हे सरकारी रुग्णालयातील दंतवैद्यास विचारावे. ती गिळू मात्र देऊ नये.