गेरूची रेघ

१. मागच्या पुराची खूणच आमच्या मुळावर आली. २००५ साली पाणी सोप्याच्या तिसऱ्या पायरीला टेकून परतलं. वडिलांनी तिथं गेरूनं रेघ ओढली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या रेघेच्या भरवशावर मी घरात बसून राहिलो आणि शेजारच्या आजींनाही म्हणालो, "त्या वेळी आलं नाही, आता कुठलं येतंय?" त्या माझ्या शब्दावर थांबल्या. रात्री त्यांना गुऱ्हाळाच्या काईलीत बसवून काढावं लागलं. काईल ही आमच्याकडची अडचणीची नाव. पण अंधारात, धारेला लागली की गरगरते. आजींच्या नखांचे वण माझ्या मनगटावर कितीतरी दिवस होते. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. तेव्हापासून मी कुणाला अंदाज सांगत नाही, पातळी सांगतो.

२. पातळीसुद्धा गावच्या भाषेत सांगावी लागते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे सगळ्यांना पाठ. पण नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला उतार मिळत नाही, ते मागं फुगतं. म्हणून तोच आकडा प्रत्येक गावाला वेगळा लागू होतो. आम्ही वही घातली: बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर स्मशानाचा रस्ता गेला, कितीला शाळेचं पटांगण. आता ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय.

३. माणूस हट्टी नसतो, त्याच्या गोठ्यात म्हैस असते. "मी निघत नाही" म्हणणाऱ्यांवर मी फार चिडायचो. २०२१ च्या जुलैत आम्ही आधी माळावर दावण बांधली, वैरण टाकली. माणसं जनावरांच्या मागून आपण होऊन चालत आली.

४. वीज पाण्याच्या आधी जाते. बॅटरी, औषधं, कागदपत्रं उजेडातच बांधावीत.

५. आमच्या आपत्ती समितीच्या पहिल्या बैठकीला गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना बोलावलंच नव्हतं. ही चूक मला अजून लागते. कोण बाळंतीण आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रिजात आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही मात्र टॉर्च किती घ्यायच्या यावर तासभर बोललो.

तुमच्या गल्लीत स्वतःहून उठून चालता न येणारं कोण आहे, ते मृग लागायच्या आत विचारून ठेवा.