आरोग्यश्री कार्ड कुणाच्या हातात देताय, ते आधी बघा



तलावात सोडायला मत्स्यबीजाची गाडी येते तेव्हा आपण नुसता चलनावरचा आकडा बघून सही करत नाही. मगभर बोटुकली मोजतो, मेलेली किती ते बघतो, मगच गाडी खाली करू देतो. सरकारी आरोग्य योजनेत हॉस्पिटल घेतानाही असंच करायचं असतं.

आयुष्मान भारतमध्ये हॉस्पिटल ऑनलाइन अर्ज करतं. मग जिल्ह्याच्या समितीनं प्रत्यक्ष जाऊन खाटा, डॉक्टर, नर्स, ऑपरेशन थिएटर बघायचं आणि राज्याच्या समितीनं यादीत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. पण ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालात काय निघालं? काही राज्यांत न बघताच हॉस्पिटलं यादीत आली. 7,49,820 लोकांची नावं एकाच मोबाईल नंबरला जोडलेली, आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा 9! आधीच मयत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या नावावर 6.97 कोटी रुपये दिले गेले. न मोजता गाडी खाली केली की असंच होतं.

"पैसा सरकारचा, आपलं काय जातं?" असं मला बैठकीत एकानं विचारलं. आपलंच जातं. तेलंगणात आरोग्यश्रीची मर्यादा 9 डिसेंबर 2023 पासून 5 लाखांवरून 10 लाख झाली, पण ती सगळ्या घराला मिळून वर्षाची आहे. खोटं बिल लागलं की तेवढी रक्कम आपल्या घरातून कमी. आपल्यातली एक बाई शिबिरात बीपी तपासायला गेली. कार्ड घेतलं, अंगठा घेतला. पुढं मोबाईलवर मेसेज आला की तुम्ही तीन दिवस भरती होता! त्या तीन दिवसांत ती रोज जाळी विणत घरी बसलेली, शेजाऱ्यांनी पाहिलेली.

म्हणून बेल्लमपल्लीहून मंचेरियाल, करीमनगरला पेशंट न्यायच्या आधी 104 ला फोन करून विचारा: हॉस्पिटल आज यादीत आहे का, आणि आपल्या आजारासाठी आहे का? दोन्ही विचारा. हाडाच्या उपचाराला यादीत असलेलं हॉस्पिटल हृदयाला असेलच असं नाही. बोर्ड जुना असू शकतो, नाव मधे काढलेलंही असतं. नात्यामुळं चंद्रपूरकडे जाणार असाल तर आरोग्यश्री तिकडं चालेल असं धरून जाऊ नका. आयुष्मान कार्ड असेल तर 14555 वर विचारा.

हॉस्पिटलात आधी आरोग्यमित्राला भेटा. अंगठा कशासाठी घेताय ते विचारल्याशिवाय देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको. योजनेतल्या उपचाराला वर रोख मागितली तर पावती मागा आणि तिथूनच 104 लावा. डिस्चार्जचा कागद घरी आणाच, त्यावर आजार आणि तारखा बरोबर आहेत का ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

मोबाईल नंबर बदललेल्यांनी कार्डावर नवा नंबर टाकून घ्या, नाहीतर मेसेज दुसऱ्यालाच जाईल. ज्यांना जमत नाही त्यांनी कार्ड आणि आधार घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून करू.

– सचिव