फुकट लिनक्स बसवायला किती पैसे लागतात?

एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला किंवा वीस-पंचवीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला तीस छोट्या लिनक्स व्हीएम हव्या आहेत, असं धरू. तीन यंत्रांचा क्लस्टर, त्यावर व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स आणि प्रत्येक व्हीएममध्ये किमान डेबियन. म्हणजे डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही. मूळ प्रणाली आणि आत शिरायला एसएसएच, बस्स. यातल्या एकाही सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे लागत नाहीत. तरीही ‘इन्स्टॉलेशन ऑटोमेट करून द्या’ म्हटलं की येणाऱ्या कोटेशनांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. याचं कारण असं की काम एकच असलं तरी ते करायच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि कुठली वाट निवडली हे कोटेशनमध्ये सहसा लिहिलेलंच नसतं.

पहिली वाट हाताची. आयएसओ लावा, भाषा निवडा, डिस्कचे भाग पाडा, पासवर्ड द्या. दुसरी उत्तरपत्रिकेची. इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. रेड हॅटच्या घराण्यात तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, आणि उबुंटूमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. तिसऱ्या वाटेत इन्स्टॉलर चालवायचाच नाही. डेबियन, उबुंटू, अल्मा, रॉकी हे सगळे तयार डिस्क इमेज देतात. ती एकदा आणून तिचा टेम्प्लेट करायचा, क्लोन काढत जायचे आणि प्रत्येक क्लोनचं नाव, आयपी, एसएसएच किल्ली क्लाउड-इनिटकडून पहिल्याच बूटला भरून घ्यायची.

आता आकडेमोड. माणसाचा तास ६०० रुपये धरा; तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर तो घाला. हाताने एक व्हीएम बसवायला, अपडेटसकट, ४० मिनिटं धरली तर तीस यंत्रांना २० तास, म्हणजे १२,००० रुपये. तिसऱ्या वाटेला जाणत्या माणसाचा एक दिवस, ८ तास, म्हणजे ४,८०० रुपये. नंतर प्रत्येक क्लोनमागे तीन मिनिटं, तीस यंत्रांचे ९०० रुपये. एकूण ५,७००. तेराव्या यंत्रापाशीच हिशेब जुळतो. दुसऱ्या वाटेला उत्तरपत्रिका, नेटवर्कवरून बूट होण्याची सोय आणि चाचण्या धरून तीन दिवस सहज जातात, म्हणजे १४,४०० रुपये. तिथे हिशेब जुळायला एकोणचाळीस यंत्रं लागतात. तीस यंत्रांच्या घराने ही वाट धरली तर हाताने बसवण्यापेक्षा महाग पडेल.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: तुमची गरज ‘साधं, किमान लिनक्स, भरपूर वेळा’ अशी असेल तर उत्तरपत्रिकेच्या नादी लागू नका. तिची गरज असते ती डिस्कची खास मांडणी हवी असेल तेव्हा, इमेज बाहेरून आणायला तुमच्या सुरक्षा नियमांत बंदी असेल तेव्हा, किंवा खऱ्या लोखंडी यंत्रांवरही तीच प्रणाली बसवायची असेल तेव्हा.

उत्तरपत्रिका महाग पडते ती लिहिण्यामुळे नाही, सांभाळण्यामुळे. इन्स्टॉलरची आवृत्ती बदलली की एखादा प्रश्न नवा येतो, एखादं उत्तर जुनं होतं आणि रात्री अकराला सगळं यंत्र एका निळ्या पडद्यावर ‘एंटर’ची वाट बघत बसतं. डेबियनमध्ये फाइल नेटवर्कवरून येत असेल तर भाषेचे आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधीच विचारले जातात. ते मागे ढकलायला बूटच्या ओळीत ‘ऑटो’चा पर्याय द्यावा लागतो. उबुंटूमध्ये कर्नलच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल तर सगळी उत्तरं देऊनही तो ‘पुढे जाऊ का?’ असं विचारतोच. डिस्क पुसण्याआधीचा तो प्रश्न आहे, तेव्हा त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. रेड हॅट ९ च्या घराण्यात आणखी एक मेख आहे. व्हीएम पुढे १ जीबी रॅमवर खुशाल चालेल, पण नेटवर्कवरून बसवताना इन्स्टॉलरला ३ जीबी हवे असतात. कमी दिलेत तर तो मध्येच मान टाकतो आणि दोष मात्र किकस्टार्टच्या फाइलवर येतो.

तयार इमेजच्या वाटेवरही खड्डे आहेत. डेबियनच्या इमेज अनेक नावांनी मिळतात. त्यातली ‘नोक्लाउड’ नावाची इमेज चाचणीसाठी आहे: तिच्यात क्लाउड-इनिट नाही आणि रूट पासवर्डशिवाय आत घेते. गोंधळ असा की प्रॉक्समॉक्स क्लाउड-इनिटला माहिती ज्या पद्धतीने पुरवतो, तिचंही नाव ‘नोक्लाउड’च. नाव जुळतंय म्हणून ती उतरवलीत तर तीस उघडी दारं तयार होतील. ‘जेनेरिक’ किंवा ‘जेनेरिकक्लाउड’ घ्या. गेस्ट एजंट डेबियनच्या इमेजमध्ये नसतो, तो वेगळा घालावा लागतो. नाहीतर क्लोनने कुठला आयपी घेतला हे प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर दिसणार नाही.

दुसरा खड्डा मशीन-आयडीचा. इमेज एकदा सुरू करून, चार पॅकेजेस घालून, साफसफाई न करता टेम्प्लेट केली तर ती ओळख सगळ्या क्लोनमध्ये जाते. बऱ्याच प्रणाली डीएचसीपीकडे याच ओळखीवरून आयपी मागतात, आणि मग दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडत बसतात. टेम्प्लेट करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या पुसायच्या, एवढंच. काम दोन मिनिटांचं, पण कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख आहे का ते पाहा; तेवढ्यावरूनही समोरच्याचा अंदाज येतो.

टेम्प्लेट शिळाही होतो. सहा महिने जुन्या टेम्प्लेटचा क्लोन काढला की पहिल्याच दिवशी तो सहा महिन्यांचे अपडेट ओढतो, आणि तीस क्लोन तीस वेळा ओढतात. महिन्यातून एकदा टेम्प्लेट नव्याने बांधायला एक तास धरा: वर्षाचे ७,२०० रुपये, म्हणजे सुरुवातीच्या कामापेक्षा जास्त. हे बांधणं स्क्रिप्टने करून घ्यावं. पॅकर त्यासाठीच आहे. त्याचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, पण स्वतःच्या वापरासाठी पैसे पडत नाहीत. खरं तर एवढ्याशा कामाला साधी शेल स्क्रिप्टही पुरते.

डिस्कवर फार खर्च होत नाही. प्रत्येक व्हीएमला २० जीबी दाखवलेत तर कागदावर ६०० जीबी होतात. किमान डेबियन प्रत्यक्षात एक-दोन जीबीच व्यापतो, आणि थिन प्रकारच्या साठवणीत तेवढीच जागा जाते. मात्र त्या साठवणीचा पूल खरोखर भरला तर त्यावरच्या सगळ्याच व्हीएमचं लिहिणं अडतं, म्हणून ८० टक्क्यांवर इशारा लावून घ्या. आणि टेम्प्लेट एका यंत्राच्या स्थानिक डिस्कवर असेल तर तिथून थेट दुसऱ्या यंत्रावर क्लोन काढता येत नाही. त्यावर ‘सेफ (Ceph) ही सामायिक साठवण घ्या’ असं कुणी सुचवलं तर थांबा. सेफला किमान तीन यंत्रं आणि खरं तर १० गिगाबिटचं नेटवर्क लागतं. स्विच आणि कार्डांचं बिल वेगळं. एनएफएसवर ठेवलेला टेम्प्लेट, किंवा प्रत्येक यंत्रावर एकेक प्रत, एवढ्यावर लॅबचं भागतं.

यंत्रांची खरेदी हा मोठा आकडा. इथे मी भाव देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती अशा भडकल्या आहेत की गेल्या महिन्याचं कोटेशन या महिन्यात चालत नाही. पण जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, प्रोसेसरची पिढी. झिऑन ई५ च्या दुसऱ्या पिढीचे सर्व्हर बाजारात स्वस्त असतात, पण त्यांत एव्हीएक्स२ नाही, त्यामुळे रेड हॅट १० त्यांवर चालतच नाही. तिसऱ्या पिढीपासून पुढचे चालतात. डेबियनला ही अडचण नाही. दोन, वीज. असे तीन सर्व्हर प्रत्येकी १५० वॉट खात असतील तर वर्षाला ३,९४२ युनिट होतात. १२ रुपये दराने ४७,३०४ रुपये, एसीचे वेगळे. २५ वॉटच्या तीन मिनी पीसींना हेच बिल ७,८८४ येतं. दर तुमच्या महावितरणच्या बिलावरून घाला. मिनी पीसीत ईसीसी रॅम सहसा नसते आणि नेटवर्कचं पोर्ट बहुधा एकच, पण शिकवण्याच्या आणि चाचणीच्या कामाला माझं मत त्यांनाच.

प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरचा विचार असेल तर लक्षात घ्या: नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि त्यानंतर कायमचे परवाने बंद करून वर्गणी सुरू केली. ती कोअरमागे असते आणि प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरले जातात. प्रॉक्समॉक्सची वर्गणी ऐच्छिक आहे. न भरता सगळ्या सोयी मिळतात, फक्त जास्त तपासलेला अपडेटचा साठा मिळत नाही. भरायचीच तर सर्वांत खालची पातळी सॉकेटमागे वर्षाला शंभर-सव्वाशे युरो. एकाच सॉकेटची तीन यंत्रं असतील तर पस्तीस-चाळीस हजार रुपये धरा. दोन सॉकेटचे सर्व्हर घेतलेत तर दुप्पट. क्लस्टरमधल्या सगळ्या यंत्रांना एकच पातळी घ्यावी लागते. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा असतो, आणि कार्डाने पैसे दिलेत तर बँकेचं चलन-शुल्क वर.

बाहेरच्या माणसाला काम देणार असाल तर पर्चेस ऑर्डरमध्ये चार ओळी घालून घ्या. सगळ्या स्क्रिप्ट आणि फाइली तुमच्या गिट खात्यात राहतील. कुठल्याही फाइलमध्ये उघडा पासवर्ड नसेल. टेम्प्लेट नव्याने बांधण्याची कृती लिहून मिळेल. आणि शेवटचा तीस टक्के हप्ता तेव्हाच मिळेल, जेव्हा जुना टेम्प्लेट बाजूला ठेवून, त्यांचा माणूस खोलीत नसताना, तुमचा कर्मचारी ती कृती वाचून नवा टेम्प्लेट बांधेल आणि त्यातून काढलेले पाच क्लोन पाच वेगवेगळ्या आयपींवर उभे राहतील.