आधी कागद घे, मग भांड

बाळा, डॉक्टर म्हणाले, "यापुढे तुमच्या आईचं डायलिसिस इथे होणार नाही, दुसरीकडे सोय बघा," आणि तू तावातावाने वकील शोधायला निघालास. जरा बस. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या कितीतरी घरांचे कागद मी कोर्टाच्या कारकुनीत हाताळलेत. हक्क बाजूने असूनही माणसं हरली ती बहुतेक वेळा हातात कागद नव्हता म्हणून.

पहिलं मनावर घे. डॉक्टरला नाही म्हणता येतं. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली, म्हणून पुन्हा जुनीच चालू झाली. कोणता रुग्ण घ्यायचा हे डॉक्टरने ठरवावं, अशी मोकळीक ती देते. पण एकदा रुग्ण हाती घेतला की त्याची हेळसांड करायची नाही, आणि पुरेशी आगाऊ सूचना रुग्णाला व घरच्यांना दिल्याशिवाय अंग काढून घ्यायचं नाही, असंही तीच सांगते. पुरेशी म्हणजे किती दिवस, ते लिहिलेलं नाही, आजारावरून ठरतं. सर्दी-खोकल्याच्या माणसाला उद्यापासून येऊ नका म्हटलं तर चालून जाईल. तुझ्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पुढची पाळी कुठे होणार याची सोय लागेपर्यंत तिला वाऱ्यावर सोडणं म्हणजे सूचना नव्हेच. तुझा मुद्दा एवढाच आहे आणि तो भक्कम आहे. "डॉक्टरनं नकारच कसा दिला" यावर भांडशील तर हरशील.

हे आजचं नाही. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं, आणि तिथे डॉक्टरच्या उपचारांनंतर तो गेला. ते जोशी विरुद्ध गोडबोले प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६८ मध्ये निकाल लागला. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा ते ठरवताना आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी असते, असं न्यायालयाने सांगितलं. आपल्या कोकणातल्या एका घराच्या दुःखातून निघालेला हा निकाल देशभरचे वकील आजही पुढे करतात.

जीव धोक्यात असेल तर मात्र निवड करण्याची मोकळीकच उरत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याची जबाबदारी टाकली. पोलिसांचे सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये कोलकात्याकडच्या एका जखमी मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला भरपाई द्यायला लावली. आईला धाप लागली, पोटॅशियम वाढलं, तर वाद घालत बसू नकोस. १०८ ला फोन कर, तातडीच्या विभागात ने. आणि कुणी एचआयव्हीचं कारण सांगून उपचार थांबवले, तर २०१७ च्या कायद्याने तो सरळ भेदभाव ठरतो.

आता कागद. आज संध्याकाळीच एक साधा अर्ज लिही: उपचार कोणत्या तारखेपासून चालू आहेत, काल काय सांगितलं, कारण लेखी द्या, पुढची सोय होईपर्यंत डायलिसिस चालू ठेवा, संदर्भपत्र आणि केसपेपरच्या प्रती द्या. दवाखान्यात पोच घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जप. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील आहे, हेही २००२ च्याच नियमांत आहे.

आणि एक लक्षात ठेव, हे फार महत्त्वाचं आहे. घाईघाईत एक फॉर्म पुढे करतील, "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत" अशा अर्थाचा. सही करू नकोस. तू नेत नाहीस, ते पाठवतायत. सही करावीच लागली, तर वर आपल्या हाताने लिही: "दवाखान्याने उपचार बंद केल्यामुळे." त्या एका ओळीवाचून चांगली प्रकरणं लटपटलेली मी पाहिलीत.

आवाज चढवू नकोस. हात तर मुळीच नको, सोबतच्या पोरांनाही सांग. डॉक्टरांवर हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. एक काच फुटली की दोष तुझ्या बाजूला येतो आणि आईची गोष्ट मागे पडते.

तक्रारीची दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दारी वेगळं मिळतं. डॉक्टरच्या वागण्याची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. ती ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते, पैसे मात्र मिळवून देत नाही. नर्सिंग होमच्या कारभाराची तक्रार आपल्या भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, कारण नोंदणी तिथे असते. नुकसानभरपाई हवी तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. मात्र सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाबद्दल हे दार बंद आहे. तिथे ठाण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी जायचं.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला आणि औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. अर्ज आईच्या नावाने कर. १५१०० वर फोन करून विचार, किंवा कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा.

पण हे सगळं दुसऱ्या नंबरवर. उद्या सकाळी आधी इंदिरा गांधी रुग्णालयात आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यांत डायलिसिसची जागा विचार, रेशनकार्ड आणि आधार सोबत ने. तक्रारीला दोन वर्षं आहेत, आईच्या पुढच्या पाळीला तीन दिवस.