१४२८५७ : या आणि स्वतः पाहा

संख्यांना शुभ-अशुभ ठरविण्याची रीत आपल्या समाजातून अद्याप पुरती गेलेली नाही. गाडीला ठरावीक नंबर हवा, बैठक क्रमांकाची बेरीज अमुक आली तर मूल पास होणार, अशा समजुती शिकलेल्या घरांतही आढळतात. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे आज एक संख्या ठेवीत आहे. वही-पेन्सिल घेऊनच पुढे वाचावे.

ती संख्या १४२८५७. तिला २ ने गुणा, २८५७१४ येतील. ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात निराळी. ७ ने गुणल्यास मात्र ९९९९९९!

अशी संख्या कुणी ताईतात घालूनही विकेल. परंतु भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकविला, तेव्हा आपण कारण शोधू. १ ला ७ ने भागा. दशांश चिन्हापुढे १, ४, २, ८, ५, ७ हे अंक येतात आणि बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ उरते. बाकी पुन्हा १ आली की तेच चक्र सुरू. २ ला ७ ने भागताना आपण याच चक्रात 'बाकी २' पासून शिरतो, म्हणून उत्तरात २८५७१४ येते. बाकीच्या गुणाकारांचेही कारण हेच.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. १९०५ साली डहाणूत जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. छंद आणि चिकाटी होती. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले होते. हे परांजपे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे. १८९९ साली ते केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले.

"गणित आपल्याला जमायचे नाही" असे म्हणून आपली कितीतरी मुले विज्ञान शाखा सोडतात, बँकांच्या परीक्षांना बसत नाहीत. हीही एक अंधश्रद्धाच आहे. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. गणितही तेच सांगते. गुरुजींनी सांगितले म्हणून मानू नका, करून पाहा.

आता १ ला आणि नंतर २ ला १३ ने भागा. येथे एक नव्हे, दोन चक्रे सापडतील. ती दोन का, याचे उत्तर उरलेल्या बाक्या मांडून स्वतः शोधावे व विहारातील अभ्यासवर्गात मुलांना समजावून सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!