अहवालाचा खर्च आधी मांडा: महिला, शांतता आणि सुरक्षा प्रकल्पाच्या देखरेखीला किती पैसे लागतात?

प्रस्ताव लिहिताना प्रशिक्षणे, मेळावे, प्रवास, मानधन सगळे नीट मांडले जाते. देखरेख आणि अहवालासाठी मात्र शेवटच्या ओळीत 'किरकोळ' म्हणून काहीतरी रक्कम पडते. वर्ष सरते, निधी देणारी संस्था आकडे मागते आणि गावातली कार्यकर्ती रात्र जागून हजेरीपत्रकांवरून ते जुळवत बसते. बैठकीला किती बायका आल्या एवढेच त्यातून कळते. त्यांना संध्याकाळी निर्धास्तपणे घराबाहेर पडता येते का, गावाच्या निर्णयात त्यांचे म्हणणे उतरले का, हे कळत नाही, कारण ते विचारायला जाण्याचे पैसेच ठेवलेले नसतात. अशा प्रकल्पात पहिल्यांदाच उतरणाऱ्या छोट्या संस्थांसाठी हा हिशेब मांडला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ मंजूर केला. सशस्त्र संघर्षात होरपळणाऱ्या स्त्रियांना शांततेच्या वाटाघाटींत आणि पुनर्बांधणीत जागा मिळावी, हा त्याचा गाभा. सहभाग, प्रतिबंध, संरक्षण आणि मदत-पुनर्वसन असे त्याचे चार खांब मानले जातात. पुढे २००९ च्या ठराव १८८९ ने प्रगतीचे मोजमाप मागितले आणि २०१० मध्ये २६ निर्देशक मांडले गेले. भारताने यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कृती आराखडा केलेला नाही. नेपाळने तो १ फेब्रुवारी २०११ रोजी केला, दक्षिण आशियात सर्वांत आधी, आणि त्याच्या पाच खांबांपैकी एक खांब साधनसंपत्ती व देखरेख-मूल्यमापन हाच ठेवला. देखरेखीला आराखड्यातच मानाची जागा देणे मला फार मोलाचे वाटते.

पण त्याच नेपाळमध्ये दुसरी गोष्टही घडली. सशस्त्र संघर्ष संपवणाऱ्या २००६ च्या शांतता करारानंतर सरकारने संघर्षपीडितांना अंतरिम मदत दिली. मृतांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना ती मिळाली; लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना त्या यादीत स्थानच नव्हते. २०२२ च्या दुसऱ्या आराखड्यात त्यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला, तोवर कितीतरी वर्षे निघून गेली होती. यादीत रकाना नसला की मदतीतही वाटा नसतो. म्हणून देखरेखीचे पैसे कुठे घालायचे हा प्रश्न मला कारकुनी वाटत नाही.

आता हिशेब. समजा दोन वर्षांचा, ५० लाखांचा, १२ गावांतला प्रकल्प आहे. खालचे दर मी धरलेले आहेत. तुमच्या तालुक्यातले दर घालून आकडेमोड पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

पहिला मोठा खर्च सुरुवातीच्या पाहणीचा. काम सुरू होण्याआधी परिस्थिती काय होती हे नोंदलेले नसेल, तर दोन वर्षांनी बदल झाला असे कशाच्या आधारावर म्हणणार? प्रत्येक गावात २० महिला धरल्या तर २४० मुलाखती होतात. सुरक्षिततेबद्दलची मुलाखत घाईने होत नाही. एका कार्यकर्तीने दिवसाला पाचच्या वर घेऊ नयेत. म्हणजे ४८ दिवसांचे काम. सहा जणी असतील तर आठ दिवस. त्यांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे आणखी १८ दिवसांचे मानधन, आणि दहा टक्के मुलाखतींची फेरतपासणी करायला पाच दिवस. एकूण ७१ दिवस. दिवसाला ८०० रुपये धरले तर ५६,८०० रुपये. गावोगावच्या ५३ दिवसांचा प्रवास ३०० रुपयांनी १५,९००. बेरीज ७२,७०० रुपये. हीच पाहणी शेवटी पुन्हा करायची असते. दोन वर्षांची दहा टक्के दरवाढ धरली तर ७९,९७० रुपये. संस्था नेमकी ही दुसरी रक्कम विसरतात.

प्रश्नावलीसाठी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. कोबो टूलबॉक्ससारखे साधन छोट्या संस्थांना विनामूल्य मिळते, त्यात मराठी प्रश्न घालता येतात आणि नेटवर्क नसले तरी मोबाईलवर उत्तरे भरता येतात. ते शिकून घ्यायला मात्र दोन दिवस द्यावे लागतात.

दुसरा खर्च बायकांच्या वेळेचा. उत्तरांसाठी पैसे देऊ नयेत, कारण मग उत्तरे आपल्याला आवडतील अशी येऊ लागतात. पण गटचर्चेसाठी मजुरी बुडवून आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवणेही बरोबर नाही. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याच्या निम्मे, म्हणजे १५६ रुपये, बुडालेल्या अर्ध्या दिवसाबद्दल द्या आणि ती भरपाई आहे हे आधीच सांगा. १२ गावांत दोन फेऱ्या, दर वेळी दहा जणी, असे २४० जणींचे ३७,४४० रुपये. चहा-नाश्ता आणि पोरे सांभाळायला एखादी बाई, यासाठी २४ बैठकांना ७०० रुपयांप्रमाणे १६,८००. पोरांची सोय नसेल तर तरुण आया येत नाहीत आणि चर्चा फक्त सासवांची होते.

तिसरा खर्च महिनाकाठच्या नोंदींचा. कुणीतरी एकजण ठरलेल्या दिवशी सगळ्या गावांची माहिती गोळा करून तपासेल, एवढी अर्धवेळ व्यवस्था हवी. महिना ५,००० रुपये धरले तर दोन वर्षांचे १,२०,०००. हे काम मुख्य कार्यकर्तीच्या डोक्यावर फुकट टाकले की तीन महिन्यांत नोंदी बंद पडतात.

चौथा खर्च बाहेरच्या मूल्यमापनाचा. २० दिवस, दिवसाला ६,००० रुपये म्हणजे १,२०,०००. मूल्यमापक जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के, म्हणजे २१,६०० रुपये. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे ही नोंदणी लागत नाही, त्यामुळे दरपत्रक मागवतानाच 'करासह की कराशिवाय' हे लिहून घ्या. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के उद्गम कर कापून भरण्याची जबाबदारी तुमची असते, तीही लक्षात ठेवा.

पाचवा खर्च आकड्याने लहान, पण माझ्या मते त्याला कधीच कात्री लावू नये. समुपदेशिकेच्या भेटी, कुलूपबंद कपाट, माहिती सांकेतिक क्रमांकाने ठेवण्याची व्यवस्था, यासाठी ३०,००० रुपये. मुलाखतीत बाई अचानक रडू लागते, घरातला मार सांगते, कधी बलात्काराचे सांगते. अशा वेळी तिला कुठे पाठवायचे हे ठरलेले नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आणीबाणीच्या परिस्थितीत लैंगिक हिंसेची माहिती गोळा करण्याबद्दल आठ शिफारशी दिल्या. पीडितेला प्राथमिक आधार आणि सेवा उपलब्ध असल्याशिवाय माहिती गोळा करायला जाऊ नये, असे त्यांत स्पष्ट आहे. सुदैवाने यातला बराच आधार विनामूल्य आहे: सखी वन स्टॉप सेंटर, १८१ हेल्पलाइन आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. पाहणीआधी सेंटरमध्ये आणि प्राधिकरणात स्वतः जाऊन या, हेल्पलाइनला फोन करून पाहा.

इथेच कायद्याच्या दोन गोष्टी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अहवालात नाव टाळून गाव, वय, नवऱ्याचा व्यवसाय आणि पाठमोरा फोटो दिला तरी गावात सगळ्यांना कळते. दुसरे, पीडित १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा कळवणे बंधनकारक आहे. म्हणून 'हे कुणालाही सांगणार नाही' असे सरसकट वचन मुलींना देऊ नका. मुलाखतीच्या आधीच मर्यादा सांगा.

या पाच रकमांची बेरीज ४,९८,५१० रुपये होते, म्हणजे प्रकल्पाच्या जवळपास १० टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता-उभारणी निधीत देखरेख-मूल्यमापनाला साधारण ५ ते ७ टक्के धरतात, पण ते प्रकल्प फार मोठे असतात. २४० मुलाखतींचा खर्च प्रकल्प २० लाखांचा असो की दोन कोटींचा, तेवढाच येतो. निधी देणाऱ्यांशी बोलताना हे आकड्यांनिशी समजावून सांगा. पुष्कळदा ऐकले जाते.

तुमचा प्रकल्पच २० लाखांचा असेल तर हा खर्च चौथ्या हिश्श्यावर जाईल आणि तो परवडणार नाही. मग बाहेरचा मूल्यमापक सोडा आणि शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेला तुमचे काम तपासायला बोलवा, तुम्ही त्यांचे तपासा. मुलाखती निम्म्या करा. महिनाकाठच्या नोंदी महिना ३,००० रुपयांत बसवा. गटचर्चा आणि समुपदेशिका तशाच ठेवल्या तरी एकूण खर्च २ लाख ३४ हजारांच्या आसपास येतो. चकचकीत छपाई आणि चित्रफीत मात्र पूर्ण वगळा.

निर्देशक सहा-सात पुरेत. सगळ्यांत स्वस्त आणि सच्चा निर्देशक ग्रामपंचायतीच्या दप्तरात पडून असतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची आपल्याकडे कायद्यातच तरतूद आहे. त्या सभेच्या इतिवृत्तातल्या किती मागण्या ग्रामसभेच्या ठरावात आल्या आणि त्यांतल्या किती वर्षभरात पूर्ण झाल्या, हे मोजा. रस्त्यावरचा दिवा, शाळेजवळचा दारूअड्डा, पाणवठ्याची वाट अशा मागण्या त्यात दिसतील. मेळाव्याच्या हजेरीपेक्षा हे शंभर पटींनी बोलके आहे. तक्रारींच्या आकड्याबाबत सावध राहा. प्रकल्पानंतर नोंदलेल्या तक्रारी वाढल्या तर हिंसा वाढली असेल, किंवा बायकांना बोलायचा धीर आला असेल. कोणते खरे हे गटचर्चेतूनच कळते. अहवालात वाढलेला आकडा लपवू नका, त्याचा अर्थ लिहा.

पैसा परदेशातून येत असेल तर एक खास अडचण आहे. परदेशी योगदान नियमन कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि नियमांनुसार 'अहवाल लिहिणे व सादर करणे' हा खर्च प्रशासकीय खर्चातच मोजला जातो. कायदेविषयक आणि व्यावसायिक शुल्कही त्यातच. म्हणजे भाडे, वीज, व्यवस्थापनाचे पगार आणि अहवाल सगळे त्या २० टक्क्यांत बसवायचे. कोणता खर्च कुठल्या शीर्षाखाली जाईल हे प्रस्ताव पाठवण्याआधी सनदी लेखापालाकडून लिहून घ्या. याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी वाटून देणेही बंद केले. संयुक्त राष्ट्रे आणि त्यांच्या विशेष संस्था या कायद्यात 'परदेशी स्रोत' धरल्या जात नाहीत. पण तोच पैसा मधल्या परदेशी संस्थेमार्फत आला तर नियम लागू होतात. करारावर सही कोणाची आहे ते पाहा. वार्षिक विवरणपत्र, एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरावे लागते.

अहवाल बहुधा इंग्रजीत मागतात. अनुवादाचा खर्च धरताना उलट दिशेचाही धरा: ज्यांनी उत्तरे दिली त्यांना चार पानांचा मराठी सारांश, आणि जिथे गोंडी, भिली, कोरकू बोलतात तिथे गावात बसून तो तोंडी सांगण्याचा एक दिवस. या दिवसाचे पैसे मंजूर करून घ्यायला संस्थांना संकोच वाटतो. तो बाळगू नका.

शेवटची बाब रोख रकमेची. पुष्कळ करारांत शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मान्य झाल्यावर मिळतो, तर शेवटची पाहणी आणि मूल्यमापकाचे बिल त्याआधीच येते. आपल्या उदाहरणात ही रक्कम २ लाख २१ हजारांवर जाते. एवढे पैसे आधीच्या हप्त्यात मिळतील असे वेळापत्रक करारातच घालून घ्या. नंतर विनंती करून ते बदलून घेणे अवघड जाते.