साष्टींतील ढाण्या वाघ

बोरिवली व मुलुंड यांच्यामधील अरण्य, म्हणजे आजचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बिबळ्यांकरितां प्रसिद्ध आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या रानास तीन बाजूंनीं वस्तीचा वेढा पडला असतांहि बिबळ्या तेथें नांदत आहे. परंतु एके काळीं या साष्टी बेटांत ढाण्या वाघहि येत असे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२९ सालीं विहार तलावानजीक एक वाघ मारल्याची नोंद आहे. वारल्यांच्या पाड्यांवर वाघदेवाची पूजा अद्यापि होते. उद्यानांत कुंपणाआड जे वाघ दाखवितात, ते मात्र या रानचे नव्हेत.

विद्यार्थिमित्रहो, बिबळ्या राहिला आणि वाघ कां गेला? बंदुकीमुळें, असें कोणीहि म्हणेल. पण तें उत्तर अर्धेंच खरें. गोळ्या बिबळ्यावरहि झाडल्या गेल्या. खरा भेद पोटाचा आहे. बिबळ्या कुत्रें, डुकर, घूस, जें मिळेल त्यावर निर्वाह करतो. वाघास सांबर, चितळ, रानडुकर अशीं वर्षास सुमारें पन्नास जनावरें लागतात. म्हणून एकेका वाघास विस्तीर्ण रान हवें. शिवाय तरुण वाघास आईचें रान सोडून नवें शोधावें लागतें. साष्टीच्या उत्तरेस तुंगारेश्वराचें रान आहे खरें. पण मध्यें खाडी, आणि पुढें रस्ते व वस्ती वाढत गेली. गेलेल्या वाघाची जागा घेण्यास दुसरा येणार कोठून?

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प निघाला, आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलें मेळघाट होतें. देशांतील वाघांचा अंदाज २००६ सालीं १,४११ होता, तो २०२२ सालीं ३,६८२ झाला. पैकीं महाराष्ट्रांत ४४४. आंकडा समाधानाचा आहे. तथापि कातडें व हाडें यांसाठीं चोरटी शिकार थांबलेली नाहीं, आणि विदर्भांत रानडुकरांसाठीं शेताभोंवतीं सोडलेल्या विजेच्या तारांनींहि वाघ मरतात. वाटा तुटण्याचें भय तर सर्वत्रच आहे. पेंचच्या अरण्यांतून जाणारा नागपूर–सिवनी महामार्ग रुंद करतांना जनावरांसाठीं रस्त्याखालून मार्ग ठेवावे लागले. त्यांतील सर्वांत मोठा ७५० मीटरांचा आहे, व त्याखालून वाघ ये-जा करतात.

आपल्याकडे असे मार्ग किती हवे आहेत, तें 'आजोबा' नांवाच्या बिबळ्यानें दाखविलें. २००९ सालीं माळशेज घाटांत सोडलेला हा प्राणी सुमारें १२० किलोमीटर चालून, खाडी ओलांडून, येथें पोंचला. गळ्यांतील यंत्रपट्ट्यामुळें त्याची वाट कळली. २०११ सालीं मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला.